भाकरी वाढली

“जेवा मास्तर, पोटभर जेवा,” जालिंदर म्हणाला आणि दाराबाहेरच्या पायरीवर, माझ्या चपलांच्या शेजारी बसला. “आमी हितंच हाय.”

त्यानं दाराचा तरटाचा पडदा खाली सोडला. उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून गजरामावशी त्या तरटावर दर तासाला पाणी मारायची. ओल्या तरटाचा वास आणि भाजणाऱ्या ज्वारीचा वास एकात एक मिसळून त्या खोलीत भरून राहायचा. त्या दिवशी त्या वासानं माझ्या पोटात भूक उठली नाही. 

पडद्याखाली वीतभर फट होती. तिच्यातून जालिंदरच्या टाचा दिसत होत्या. आणि माझ्या चपला.

त्र्याऐंशी सालचा मार्च. मी चोवीस वर्षांचा होतो, नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. दहावीच्या परीक्षेला वर्गावर बाहेरगावचे शिक्षक नेमत, म्हणून मी कुसळगावला आलो होतो. पेपर दोन वाजता सुटायचा. मग शाळेसमोरचा रस्ता ओलांडून मी गजरामावशीच्या खानावळीत येई. पत्र्याचं छप्पर, लांब दोन बाकडी, त्यांच्यापुढे तेवढीच लांब दोन टेबलं. भिंतीवर फळा नव्हता, कारण सांगण्यासारखं वेगळं काही नसायचंच. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, शेवटी मूठभर भात. आतल्या बाजूला कुडाची भिंत, आणि कुडापलीकडे चूल. मी जेवत असेपर्यंत तिथून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. थाप, थाप, थाप. थापणारी मी कधी पाहिली नव्हती. मावशी तिला “छबे” अशी हाक मारायची, एवढंच ठाऊक.

तो सहावा पेपर होता. भूमितीचा. आणि माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक चिठ्ठी होती, घडी घातलेला एक अर्ज होता. त्याच दोन कागदांसाठी जालिंदर पायरीवर बसला होता.

एक वाजायच्या सुमारास वर्गात मी एका मुलाच्या पॅडखालून ती चिठ्ठी काढली होती. प्रमेयाची सगळी सिद्धता, आकृतीसकट. मुलगा प्रल्हाद, सर्जेरावांचा पुतण्या. शाळेची कमिटी सर्जेरावांची, बाजाराची जागा सर्जेरावांची, पाण्याचा टँकरही त्यांचाच. चिठ्ठीतलं अक्षर मात्र प्रल्हादचं नव्हतं. ते पुढच्या बाकावरच्या मुलीचं होतं. रांगोळीच्या ठिपक्यांसारखं नेटकं अक्षर. मी तिची उत्तरपत्रिका शेजारी धरून पाहिली. तिनं नाकारलं नाही, ती रडलीही नाही. मी दोघांच्या उत्तरपत्रिका काढून घेतल्या, दोघांचे बैठक क्रमांक लिहिले, नावं लिहिली. दोघं निघून गेली. पेपर सुटल्यावर केंद्राच्या मुख्याध्यापकांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “तुम्ही आधी जेवून या. मग बघू.”

अर्ज त्यांनी ठेवून घेतला नाही. मला कळलं की जेवून परत आल्यावर बघण्यासारखं काही उरणार नाही. तो कागद मीच संध्याकाळच्या आत तालुक्याला साहेबांच्या हातात द्यायला हवा होता. आणि शाळेच्या फाटकापासून जालिंदर माझ्या मागं चालत आला होता. गेल्या वर्षी ग्रामसेवकाचा खांदा यानंच उतरवला, असं गावात उघड बोललं जायचं. आणि ते सांगायला लोक आवाजही खाली करत नसत.

खानावळीच्या दारात त्यानं माझ्या दंडाला धरलं होतं. जोरानं नाही. बाजारात बैलाचा खांदा चाचपतात तसं.

“कागूद द्या, मास्तर. मग खुशाल जेवा.”

तेवढ्यात मावशी बाहेर आली. बुटकी, काळीसावळी, कपाळावर गोंदण. हातात वाढायचा पळा.

“जालिंदर, माज्या दारात माज्या गिऱ्हाइकाला धरतूस व्हय रं?”

“तुज्याशी काय न्हाई मावशे. मालकाचं काम हाय.”

“मालकाचं काम मालकाच्या दारात. हितं त्येचं ताट वाढलंया.” ताट वाढलेलं नव्हतं. “ताटावरच्या माणसाला हात लावशील? तुज्या आईनं हेच शिकवलं?”

जालिंदरचा हात सुटला. त्याचा चेहरा मी पाहिला. तो मावशीला भ्यायला नव्हता. तो कुणालाच भीत नसावा. पण काही गोष्टी माणसाच्या हाडात लहानपणीच मुरतात. जेवत्या माणसाला उठवू नये, ही त्यातली एक.

“बरं,” तो म्हणाला. “जेवू दे. ताटावरनं उठला की आमचा.”

आणि मग तो पायरीवर बसला.

मावशीनं माझ्यापुढं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, ताट ठेवलं. वाकून आमटी वाढता वाढता, ओठ न हलवता बोलली. “सव्वाचारची यष्टी फाट्यावर थांबती. परसदारानं ज्वारीचं रान हाय, रानातनं धा मिन्टं. आत्ता गेलास तर ह्यो तुला उघड्या फाट्यावर गाठंल. यष्टीच्या टायमालाच निघायचं. तवर जेवायचं.”

“मावशी, आत्ता अडीच वाजलेत.”

“मग सावकास जेव.”

पलीकडच्या बाकावर एकच गिऱ्हाईक होतं. उस्मान मिस्त्री, पंपाची मोटार दुरुस्त करणारे. जाडजूड, पन्नाशीचे, मनगटावर मोठं घड्याळ. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आपलं ताट उचलून माझ्यासमोर येऊन बसले.

“मास्तर, मीपण सावकाशच जेवतो आज,” ते म्हणाले. “घरी बायको म्हणती, तुम्ही जेवताय का पोतं भरताय. आज दावतो तिला.”

मी पहिला घास घेतला. तो गिळायला मला पाण्याचा अर्धा तांब्या लागला.

त्या खानावळीतल्या एका शब्दाची गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पहिल्या पेपरच्या दिवशी मी तिथं जेवायला बसलो होतो. भाकरी खाऊन झाली, मी भाताची वाट पाहत होतो. आतून त्या न दिसणाऱ्या मुलीची हाक आली, “भात वाढलाऽ!” मी ताट पुढं सरकवून बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाकीचे हात धुऊन उठले. मी आपला बसलेलाच. तेव्हा हेच उस्मान मिस्त्री पोट धरून हसले होते.

“अहो मास्तर, भात वाढला म्हणजे संपला!”

“मग संपला म्हणा की.”

“गजरामावशीच्या घरात तो शब्द बोलत नाहीत. कुंकू संपलं म्हणत नाहीत, मीठ संपलं म्हणत नाहीत. वाढलं म्हणायचं. बायकांची भाषा आहे ती. आपण बापे ताटावर बसणारे, आपल्याला वाढला म्हणजे ताटात पडला एवढंच कळतं.”

मावशीनं भांडी उचलता उचलता गुणगुणत माझी समजूत काढली होती. तिच्या आईच्या जात्यावरची ओवी असावी:

संपलं म्हणू न्हाई, बाई, वाढलं म्हणावं,
रित्या दुरडीला, बाई, पदरानं झाकावं.

त्यानंतरचे चार पेपर मी त्या हाकेवर हसत जेवलो होतो. आज हसायला येत नव्हतं.

दुसरी भाकरी. तिसरी. कुडापलीकडून थाप, थाप. मावशी पानात टाकायची आणि मी तुकडा मोडायचो. तुकडा लहान, त्याहून लहान. आमटीत बुडवायचा, तोंडात ठेवायचा आणि दुधाच्या दातांच्या पोरासारखा चघळत राहायचा.

चौथ्या भाकरीला पडदा उचलला गेला. उन्हाची सुरी खोलीत घुसली.

“झालं का?”

“जेवतोय,” मी म्हणालो.

“कितवी?”

“खाणाराच्या भाकऱ्या मोजू न्हाई, जालिंदर,” मावशी म्हणाली. “पोटात दुखतं.”

“कुणाच्या? त्येच्या का माज्या?”

“तुज्या. उपाशी बसलाईस म्हणून वखवख सुटलीया तुला. ये की आत. ताट मांडते. गरम भाकरी हाय, चटणी हाय.”

मी ताटातून वर पाहिलं नाही. मावशीचा डाव मला कळला. आणि जालिंदरलाही कळला. इथलं मीठ एकदा जिभेवर पडलं की इथल्या पाहुण्यावर त्याचा हात उठला नसता.  त्यानं खरोखरच वास घेतला असावा. नाकानं श्वास ओढल्याचा आवाज मी ऐकला.

“नगं,” तो म्हणाला. “पोट भरलंया.”

“पाणी तरी?”

“पानीबी नगं.”

पडदा पडला. उस्मान मिस्त्रींनी हळूच मनगट फिरवलं. तीन वाजून पाच.

“मास्तर, बोला काहीतरी,” ते मोठ्यानं म्हणाले. “मुक्यानं जेवलेलं अंगाला लागत नाही. भूमितीचा पेपर कसा होता?”

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते ओशाळले. “बरं, राहू दे भूमिती.”

“आमची छबीबी धाव्वीलाच की,” मावशी म्हणाली. चटणी वाढत होती. चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा उजेड आला. “आज पेपर सोपा हुता म्हणं. सगळ्यांच्या आदी सुटली. आली ती थेट चुलीम्होरं बसली. म्हणलं, निज जरा. न्हाई म्हणली, भाकरी मीच करते.”

“हुशार आहे पोरगी,” उस्मान मिस्त्री म्हणाले.

“बापाच्या वळणावर गेली. त्योबी देवळाच्या भिंतीवर कोळशानं हिशेबं मांडायचा.” मग आवाज खाली आला. “धाव्वी झाली म्हंजी नर्शीच्या कोर्साला घेत्यात. चौकशी केलीया म्या. ह्या पत्र्याखाली तिचा जलम जायला नगं.”

मी मान हलवली. माझं लक्ष तिच्या बोलण्याकडं नव्हतं. माझं लक्ष फटीतल्या टाचांकडं होतं. आज इतक्या वर्षांनी त्या घटकेची मला लाज वाटते ती यासाठी. भीतीनं माणूस बहिरा होतो. सगळं कानावर पडत होतं आणि मी एका शब्दाला दुसऱ्या शब्दाशी जोडत नव्हतो.

सातवी भाकरी. माझ्या कपाळावर घाम आला, तो पुसायलाही हात उचलवेना. घशाशी आलं होतं. उस्मान मिस्त्री टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थोपटत होते. “अजून, अजून. एवढं जेवायला लोकांना लग्न करावं लागतं, मास्तर. तुमचं बिनलग्नाचं चाललंय.”

मी हसलो आणि तो घास घशात अडकला. ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. बाहेरून जालिंदर हसला. “मरतूय का काय त्यो! मावशे, जरा दमानं चार त्येला.”

आणखी एक माणूस बाहेर येऊन थांबल्याचं ऐकू आलं. सायकल टेकवल्याचा आवाज. “मालक इचारत्यात, किती येळ?” “जेवतूय अजून.” “आरं जेवतूय काय, आत जा आन धर.” मग जालिंदरचा आवाज, खालचा, पण स्पष्ट: “ताटावरनं न्हाई. सांग मालकास्नी. ताटावरनं उठला की अर्ध्या मिन्टात आणतू.” सायकल निघून गेली.

ताटावरनं उठला की. मी ताटाकडं पाहिलं. जर्मनचं, कडेला चेपलेलं, मधोमध घासून घासून उजळलेलं. त्यात अर्धी भाकरी होती. ती होती तोवर मी होतो.

आठवी. नववी. आता मी खात नव्हतो, भाकरीचे कण करत होतो. दहावी भाकरी पानात पडली तेव्हा कापसाच्या जिनिंगचा चारचा भोंगा व्हायला अजून अवकाश होता. मिस्त्रींनी घड्याळ दाखवलं. पावणेचार.

तेवढ्यात कुडापलीकडची थाप थांबली.

मावशीचा हात पळ्यावर थबकला. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. पीठ सरलं होतं. त्या दिवसाचं सगळं दळण. दुरडीत हात घालून तिनं शेवटची भाकरी काढली, अकरावी, आणि माझ्या ताटात ठेवली. तव्यावर एक बाजू जरा जास्त भाजलेली होती.

“हिला अर्धा तास पुरव,” ती पुटपुटली.

पण शांतता जालिंदरलाही ऐकू गेली होती. थाप थांबली म्हणजे चूल थांबली, एवढं पुरुषालाही कळतं. पायरीवर हालचाल झाली. टाचा फिरल्या. पडद्याच्या कडेला चार बोटं आली.

त्याच क्षणी आतून तिची रोजची हाक आली, लांब, सुरात ओढलेली:

“भाकरी वाढलीऽऽ!”

मी डोळे मिटले. संपलं. तिनं सांगून टाकलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. उस्मान मिस्त्रींचा हात माझ्या गुडघ्यावर घट्ट झाला.

पडद्यावरची बोटं तशीच राहिली. मग जालिंदर वैतागून हसला.

“आजून वाढली? मास्तर, पोट हाय का धान्याचं पेव हाय?” बोटं निघून गेली. टाचा पुन्हा पायरीवर टेकल्या. काडी ओढल्याचा आवाज आला, विडीचा वास आला.

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.  जालिंदर त्या खानावळीत कधी जेवला नव्हता. त्याच्या घरीही तो ताटावर बसणाराच असणार. भाकरी वाढली म्हणजे ताटात पडली, एवढंच त्याला ठाऊक. त्या पोरीनं ती हाक सवयीनं दिली, की जाणून, हे मला आजही माहीत नाही.

चारचा भोंगा झाला. मावशीनं डोळ्यानं खूण केली. मी उठलो. बाकडं करकरू नये म्हणून मिस्त्रींनी ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. मग ते सरकून माझ्या जागेवर बसले, माझं ताट पुढं ओढलं आणि वाटीवर भाकरीचा तुकडा घासत मोठ्यानं म्हणाले, “हं मास्तर, आमटी घ्या अजून.”

मी कुडाआड गेलो.

चूल विझत आली होती. परातीच्या कडेला पिठाची शेवटची पांढरी रेघ. पाटावर ती बसली होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ. शाळेचा निळा झगा तसाच अंगावर. तिनं वर पाहिलं.

तीन तासांपूर्वी मी त्या डोळ्यांसमोरून उत्तरपत्रिका उचलून घेतली होती.

अर्जावर मी लिहिलेलं नाव होतं निर्मला महादेव लोंढे. शाळेच्या हजेरीतलं नाव. छबी ही निर्मला असेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. अकरा भाकऱ्या. एकेक थापून, भाजून, तिनं त्या कुडापलीकडं पाठवल्या होत्या. कुणासाठी, हे तिला पहिल्या भाकरीपासून माहीत होतं. कुडाच्या फटीतून मी बसायचो ते बाकडं सरळ दिसत होतं.

“तू,” मी म्हणालो. 

मावशी आळीपाळीनं आमच्या दोघांकडं पाहत होती. “काय गं? वळखतीस व्हय मास्तरास्नी?”

“माज्या वर्गावर हुते,” छबी म्हणाली. मग मान खाली घालून, परातीकडं बघत, एका दमात म्हणाली, “चिठ्ठी म्या लिवली व्हती, आये. मालकाच्या पल्याला, परल्हादाला. जालिंदरकाका आयतवारी आला हुता, तू बाजारात हुतीस. म्हणला, जागा मालकाची हाय. चिठ्ठी न्हाई लिवलीस तर पत्रं उद्याच उतरवू. मास्तरांनी दोघांचं बी नाव घातलंय.”

 मावशी हळूच खाली बसली, कुडाला टेकून. नर्सच्या कोर्सची चौकशी करून आलेली ती बाई. तिच्या हातातला पळा जमिनीला टेकला.

बाहेर मिस्त्री बडबडत होते. माझा हात खिशात गेला. कागद बाहेर आला.

“तुझं नाव काढतो,” मी म्हणालो. “खोडून टाकतो. आत्ता.”

“माजं खोडल्यावर पल्याचं ऱ्हातंय?”

मी खोटं बोलू शकलो असतो. बोललो असतो तर बरं झालं असतं का, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

“नाही,” मी म्हणालो. “अक्षर तुझं आहे. कुणी लिहून दिलं ते सांगितल्याशिवाय त्याच्यावर काही शाबीत होत नाही. मग तो चिठ्ठी जमिनीवर सापडली म्हणेल.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“छबे…” मावशीनं तोंड उघडलं.

“ऱ्हाऊ दे, आये. न्हाईतर पुढल्या साली तो दुसऱ्या पोरीकडनं लिवून घील. तिलाबी काका हेच सांगल.” तिनं पिठाचा हात झग्याला पुसला आणि आईकडं पाहिलं. “तूच तर जेवू घातलंस त्यास्नी. आता मदीच कसं उठवायचं?”

मावशी लेकीकडं बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल, तो कागद माझ्या हातातून ओढून चुलीत टाकेल. निखारा होता अजून. मी तो कागद घट्ट धरलाही नव्हता. मला वाटतं, तिनं ओढावा असंच मला वाटत होतं.

ती उठली. परसदाराची कडी काढली.

“मास्तर,” ती म्हणाली.  “यष्टी.”

मी दाराशी गेलो आणि थांबलो. माझे पाय उघडे होते. बाहेर ज्वारी काढलेलं रान, धसकटं भाल्यांसारखी उभी. चपला पायरीवर, जालिंदरच्या शेजारी, राखणीला.

छबीनं दारामागं हात घातला. निळ्या पट्ट्याच्या रबरी चपला काढल्या आणि माझ्या पायांपुढं सरकवल्या. धुऊन ठेवलेल्या, परवाच्या पेपरसाठी.

“घाला,” ती म्हणाली. “मला आता परवा कुठं जायाचंय?”

माझी निम्मी टाच बाहेर राहिली. मी धसकटांतून पळत सुटलो. बांधापर्यंत पोचलो आणि मागून पुन्हा तो आवाज ऐकू आला. थाप, थाप, थाप. पीठ नव्हतं, भाकरी नव्हती. ती रिकाम्या परातीवर हात मारत बसली होती, बाहेर बसलेल्या माणसाला चूल चालू वाटावी म्हणून. फाट्यावर एसटी येऊन उभी राहीपर्यंत तो आवाज माझ्या पाठीशी होता. त्यानंतरही होता.

एसटीत बसल्यावर मी अर्जाच्या कडेला लिहिलं: सदर मुलीवर दडपण आणून चिठ्ठी लिहून घेण्यात आली. तालुक्याला साहेबांनी अर्ज वाचला, ती ओळ बोटानं दोनदा चाचपली. “दडपण आहे हो,” ते म्हणाले. “पण दडपणाला रकाना नाही.” त्यांनी दोन नावांपुढं दोन खुणा केल्या.

मला परत कुसळगावला पाठवलं नाही. उरलेल्या पेपरांना दुसरा कुणी गेला. मी माझ्या गावी आलो. त्या रबरी चपला धुऊन, कागदात गुंडाळून ठेवल्या. परत पाठवायच्या कशा, कुणाबरोबर, आणि पाठवताना काय सांगायचं, हे सुचेना. शेवटी जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून गेल्यावर, कुसळगावच्या गाडीवरच्या गुरव कंडक्टरकडं दिल्या. चपला, आणि एक वही, एक पेन. निरोप एवढाच: पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरतो, शाळा सोडू नकोस.

आठ दिवसांनी गुरव कंडक्टर आमच्या स्टँडवर मला शोधत आला. त्याच्या हातात त्या दिवशी पायरीवर राहिलेल्या माझ्या चपला होत्या. एकीचा तुटलेला अंगठा कुणीतरी सुतानं नीट शिवला होता. आणि फडक्यात बांधलेली एक भाकरी, चटणीची पुडी.

“मावशीनं दिलीया,” तो म्हणाला. “म्हणली, मास्तर त्या दिशी भरल्या ताटावरनं उठले. त्येवढं खायला सांगा.”

“खानावळ कशी आहे?”

“तिथली उठवली की. सर्जेरावानं पत्रं उतरवलं. आता फाट्यावर मांडलीया, बाभळीखाली. चालती बरी. मायलेकी दोघीबी ऱ्हात्यात चुलीपाशी.”

“आणि मुलगी? माझा निरोप सांगितलात?”

“सांगितला की. वही ठिवून घेतली.” गुरव हसला. पान खाऊन रंगलेले दात, चांगली बातमी आणणाऱ्या माणसाचं तोंड. “तिनं उलट निरोप दिलाय. म्हणली, मास्तरांना म्हणावं, माजी शाळा वाढली.”

गाडीची घंटा वाजली. ड्रायव्हर त्याला हाका मारत होता.

“लई झ्याक झालं बगा, मास्तर,” तो पायरीवर चढता चढता म्हणाला. “आमच्याकडं पोरीस्नी कोण एवढं शिकवतंय? धाव्वीच्या म्होरं जाणार म्हणा की पोरगी! शाळा वाढली म्हंजे मोठीच गोष्ट झाली. व्हय का न्हाई?”

फडक्यातली भाकरी अजून कोमट होती. मी ती हातात धरून उभा होतो.

“होय,” मी म्हणालो. “वाढली.”